ताडपत्रीचा जून महिना कुठे गेला? विक्रीच्या तारखा महिन्याप्रमाणे लावताना होणाऱ्या चुका



मागच्या व्हिडिओत आपण रोजची विक्री शीटमध्ये कशी भरायची ते पाहिलं. त्यानंतर पुन्हा पुन्हा एकच तक्रार येतेय: "सर, तारखा भरल्या, रक्कम भरली, पण महिन्याचा हिशोब काढला की काहीतरी विचित्रच येतं." आजच्या व्हिडिओत ते सगळं स्क्रीनवर करून दाखवलं आहे. पण स्क्रीनवर गोष्टी भराभर पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. एक सूचना आधीच देतो. वाचायला सोपं जावं म्हणून या लेखात कमांड आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाईप करताना ते इंग्रजीतच करायचे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करू. ती मला चांगलीच महागात पडली होती.

वडील बरोबर, माझा चार्ट चूक

जव्हारला आमचं घरगुती सामानाचं दुकान आहे. बादल्या, दोर, छत्र्या, प्लास्टिकचा कागद आणि ताडपत्री. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जव्हार-मोखाड्यात तो नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. मे उजाडला की पाड्यापाड्यावर शाकारणी सुरू होते आणि ताडपत्रीला मागणी येते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी ठरवलं, यंदा ऑर्डर अंदाजाने द्यायची नाही, डेटा बघून द्यायची. बीबीए केलंय, दुसऱ्यांना ट्रेनिंग देतो, मग स्वतःच्या दुकानात नको का करायला? २०२३ ची ताडपत्रीची अख्ख्या वर्षाची विक्री वहीतून गुगल शीटमध्ये उतरवली. शेजारी महिन्याचा कॉलम केला. महिन्यानुसार बेरीज काढली, चार्ट लावला. चार्ट आला सपाट! जानेवारी, जून, ऑक्टोबर, सगळे खांब जवळपास सारखेच.

वडील म्हणाले, "मे संपायच्या आत माल भरून ठेव." मी म्हटलं, "बाबा, आकडे सांगतायत की ताडपत्री बारा महिने थोडी थोडी खपते. उगाच पैसे कशाला अडकवायचे?" ते काही बोलले नाहीत. मी नेहमीच्या महिन्याएवढाच माल मागवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यातच माल संपला. होलसेलवाल्याकडे भाव चढले होते, आणि चढ्या भावानेही माल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत लांबच्या पाड्यावरून एक काका भिजत आले होते. छत गळत होतं, पैसे हातात होते, आणि माझ्याकडे ताडपत्री नव्हती. ते तसेच परत गेले. नुकसान किती झालं हे मी काढलं, पण मला लागलं ते काकांचं रिकाम्या हाताने जाणं.

नंतर शांतपणे शीट उघडली तेव्हा कळलं, विक्रीचे आकडे बरोबर होते. चुकल्या होत्या तारखा.

नेमकं काय झालं होतं?

आपण तारीख लिहितो दिवस, महिना, वर्ष अशी. ०५/०६/२०२३ म्हणजे ५ जून. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यांच्याकडे हीच तारीख म्हणजे ६ मे. माझ्या शीटची सेटिंग अमेरिकेची होती. मी कधी बघितलीच नव्हती.

आता गंमत बघा. मी १२/०६ टाईप केलं की शीटने त्याला ६ डिसेंबर समजून घेतलं. ११/०६ टाईप केलं की ६ नोव्हेंबर. पण १३/०६ टाईप केलं तर? तेरावा महिना नसतोच. मग शीट ती तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून देते.

हिशोब मांडू. ३६५ दिवसांच्या वर्षात प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस, म्हणजे एकूण १४४ दिवस, शीटने तारीख म्हणून घेतले. त्यातले फक्त १२ बरोबर होते: १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे, जिथे दिवस आणि महिना सारखाच. उरलेले १३२ भलत्याच महिन्यात गेले. आणि १३ तारखेपासून पुढचे सगळे, म्हणजे २२१ दिवस, मजकूर होऊन बसले.

मजकुरावर महिना काढायचा फॉर्म्युला चालत नाही, तिथे एरर येते. मला एररची ती अक्षरं बघवेनात, म्हणून मी 'इफएरर' लावून ती झाकून टाकली. म्हणजे सव्वादोनशे दिवस माझ्याच हाताने पुसले. जे उरलं त्यात 'जून'च्या खांबात होता प्रत्येक महिन्याच्या ६ तारखेचा धंदा. 'मे'च्या खांबात प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेचा. प्रत्येक खांबात वर्षभरातले बारा दिवस. मग चार्ट सपाट नाही येणार तर काय!

म्हणून आजचा लेख एका वाक्यात सांगायचा तर: तारीख साठवणं, तारीख दाखवणं आणि तारखांचे गट करणं ही तीन वेगळी कामं आहेत. ती एकमेकांत मिसळली की हिशोब खोटं बोलतो, आणि खोटं बोलतोय हे दिसतही नाही.

आता ही तीन कामं एकेक करून पाहू.

काम पहिलं: साठवणं

शीटच्या पोटात तारीख म्हणजे एक साधा आकडा असतो. १ जानेवारी २०२४ ही तारीख आत ४५२९२ म्हणून साठते. दुसऱ्या दिवशी ४५२९३. १ जून २०२४ म्हणजे ४५४४४. दिवस वाढला की आकडा एकने वाढतो, बस्स. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. उधारी किती दिवसांची झाली, हे असंच काढतात.

मग आपल्याला दिसते ती '१ जून २०२४' ही अक्षरं काय आहेत? तो त्या आकड्यावर घातलेला सदरा आहे. सदरा बदलला म्हणून आतला माणूस बदलत नाही.

तुमच्या शीटमधली तारीख खरी आहे की मजकूर, हे ओळखायच्या दोन युक्त्या:

१. सेलची डावी-उजवी बाजू बघा. तुम्ही स्वतः काही बदललं नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला.

२. शेजारच्या कॉलममध्ये 'इझनंबर' फॉर्म्युला लावा. 'ट्रू' आलं तर आत आकडा आहे. 'फॉल्स' आलं तर तो मजकूर आहे.

पण 'ट्रू' आलं म्हणजे तारीख बरोबर असेलच असं नाही, हे माझ्या चुकीवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. उलटी झालेली तारीखसुद्धा 'ट्रू'च दाखवते. म्हणून वहीतल्या चार-पाच नोंदी काढून शीटशी ताडून बघा. त्यातली एक तरी १ ते १२ तारखेमधली असू द्या, आणि सेलचं फॉर्मॅट असं ठेवा की महिना अक्षरांत दिसेल. '५ जून' दिसलं तर ठीक, '६ मे' दिसलं तर गडबड.

सेटिंग दुरुस्त करायला: 'फाईल' मेनू, त्यात 'सेटिंग्ज', त्यात 'लोकॅल', तिथे 'इंडिया' निवडा. त्याच ठिकाणी टाईम झोनही भारताचा आहे ना ते बघून घ्या. नवीन शीट केली की पहिलं काम हेच.

पण लक्षात ठेवा, सेटिंग बदलल्याने आधी उलट्या झालेल्या तारखा आपोआप सुलट होत नाहीत. त्या दुरुस्त करायच्या तर आधी शीटची कॉपी करून ठेवा. मग नवीन कॉलम घ्या. जिथे आत आकडा आहे तिथे 'डेट' फॉर्म्युलात वर्ष तेच ठेवायचं, महिन्याच्या जागी जुन्या तारखेचा 'डे' आणि दिवसाच्या जागी जुन्या तारखेचा 'मंथ' टाकायचा. म्हणजे अदलाबदल झाली. जिथे मजकूर आहे तिथे 'स्प्लिट'ने दिवस, महिना, वर्ष तीन तुकड्यांत सुटे करून 'डेट'मध्ये भरायचे. हे फक्त त्याच नोंदींवर करा ज्या चुकीच्या सेटिंगमध्ये भरल्या होत्या. नाहीतर बरोबर असलेल्या तारखा उलट्या होतील.

आणि कायमची सवय लावायची असेल तर तारीख अशी भरा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२४-०६-१५. या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१, ते १९८८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. यात दिवस-महिन्याचा घोळ होत नाही. दुसरा फायदा असा की ही तारीख चुकून मजकूर म्हणून राहिली तरी क्रम बिघडत नाही. दिवस आधी लिहिलेल्या मजकुरात मात्र ०१/१२/२०२३ ही डिसेंबरची नोंद ०२/०१/२०२३ या जानेवारीच्या नोंदीच्या आधी जाऊन बसते.

काम दुसरं: दाखवणं

समजा तारखा बरोबर आहेत. आता महिन्याचा हिशोब हवाय. बरेच जण काय करतात, तारखेचा कॉलम निवडतात आणि फॉर्मॅट बदलून फक्त महिना आणि वर्ष दिसेल असं करतात. सगळीकडे 'जून २०२४' दिसायला लागतं. मग पिव्होट टेबल लावतात, आणि त्यात 'जून २०२४'च्या तीस ओळी येतात!

कारण आता सोपं आहे. तुम्ही सदरा बदललात. आत १ जूनचा ४५४४४, २ जूनचा ४५४४५, सगळे वेगवेगळेच आहेत. शीट गट करते ते आतल्या आकड्यावरून. 'क्वेरी' फॉर्म्युलात जो 'फॉर्मॅट' भाग असतो तोही फक्त दाखवण्यापुरताच असतो, गट करत नाही.

तेव्हा फॉर्मॅट हे शेवटचं काम. बँकेला किंवा बचत गटाच्या बैठकीत कागद दाखवायचा असेल तेव्हा तारीख हवी तशी सजवा. हिशोब होईपर्यंत तिला हात लावू नका.

काम तिसरं: गट करणं

गट करायला प्रत्येक नोंदीला एक 'खूण' लागते, म्हणजे ही नोंद कुठल्या डब्यात टाकायची ते. त्या खुणेचे तीन मार्ग सांगतो. तुम्हाला जमेल तो घ्या.

पहिला मार्ग, पिव्होट टेबल. तारखेच्या ओळीवर राईट क्लिक, 'क्रिएट पिव्होट डेट ग्रुप', आणि त्यातलं 'इयर-मंथ' निवडायचं. त्या यादीत नुसतं 'मंथ'ही असतं. तिथेच लोक फसतात. नुसता 'मंथ' घेतला तर २०२३ चा जून, २०२४ चा जून आणि २०२५ चा जून एकाच डब्यात पडतात. मग आकडा बघून वाटतं, वा, जूनमध्ये काय धंदा झाला! तो तीन वर्षांचा असतो.

दुसरा मार्ग, शेजारचा कॉलम. 'टेक्स्ट' फॉर्म्युलाने तारखेतून '२०२४-०६' अशी खूण काढा. वर्ष आधी असल्यामुळे क्रमही बरोबर लागतो. महिन्याचं नाव खूण म्हणून वापरू नका. इंग्रजी नावं अक्षराच्या क्रमाने लागतात, एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, मग डिसेंबर. चार्टवर ते बघितलं की डोकं गरगरतं.

तिसरा मार्ग, 'क्वेरी' फॉर्म्युला. यात 'इयर' आणि 'मंथ' दोन्हीवर 'ग्रुप बाय' करायचं. इथे एक छुपा खड्डा आहे. क्वेरीच्या आतला 'मंथ' शून्यापासून मोजतो. जानेवारी म्हणजे ०, जून म्हणजे ५, डिसेंबर म्हणजे ११. बाहेरचा साधा 'मंथ' फॉर्म्युला मात्र १ पासून मोजतो. म्हणून क्वेरीत 'मंथ अधिक १' असं लिहायचं, 'सिलेक्ट'मध्येही आणि 'ग्रुप बाय'मध्येही.

बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर

तुमच्यापैकी काहींनी बिलिंग सॉफ्टवेअर घेतलंय, काहींनी गावातल्याच एखाद्या मुलाकडून करून घेतलंय. त्याच्या मागे डेटाबेस असतो, आणि त्याला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल. तुम्हाला ती लिहायची गरज नाही. पण करणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे. सांगाडा असा असतो:

सिलेक्ट महिना, सम(रक्कम)
फ्रॉम विक्री
व्हेअर तारीख >= '२०२४-०४-०१' अँड तारीख < '२०२५-०४-०१'
ग्रुप बाय महिना
ऑर्डर बाय महिना

दुकानाच्या भाषेत: विक्रीच्या वहीतून, या दोन तारखांमधल्या नोंदी घे, महिन्याप्रमाणे डबे कर, प्रत्येक डब्याची बेरीज दे, आणि ओळीने लाव. 'महिना' या जागी तारखेतून वर्ष-महिना काढणारा तुकडा येतो. मायएसक्यूएलमध्ये तो 'डेट_फॉर्मॅट', एसक्यूलाईटमध्ये 'एसटीआरएफटाईम'. दोन्हीत टक्क्याची खूण देऊन मोठा 'वाय' म्हणजे चार आकडी वर्ष, आणि छोटा 'एम' म्हणजे महिन्याचा आकडा. मोठा 'एम' टाकला तर मायएसक्यूएल महिन्याचं नाव देतं आणि एसक्यूलाईट चक्क मिनिटं देतं! एका अक्षराने महिन्याऐवजी मिनिटांचे डबे होतात.

आता दोन गोष्टी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला नक्की विचारा.

पहिली: महिन्याचा शेवट कसा पकडलाय? वर मी 'पुढच्या महिन्याच्या एक तारखेपेक्षा कमी' अशी अट लिहिलीय. काही जण '१ जून ते ३० जूनच्या मध्ये' असं लिहितात. नोंदीत वेळही साठत असेल तर '३० जून' म्हणजे ३० जूनची सुरुवात, रात्री बाराचा ठोका. त्यानंतर दिवसभर झालेली त्या तारखेची विक्री अटीबाहेर पडते. दर महिन्याला शेवटच्या दिवसाचा गल्ला गायब.

दुसरी: वेळ भारताची साठते की जागतिक? बरेच सर्व्हर जागतिक वेळ साठवतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. माझं दुकान नऊला उघडतं, मला फरक पडत नाही. पण एसटी स्टँडजवळ पहाटेच्या गाडीसाठी चहा विकणाऱ्याचं काय? १ एप्रिलच्या पहाटे ५ वाजताचा चहा जागतिक वेळेत ३१ मार्चच्या रात्री साडेअकराला विकला जातो. दिवस बदलला, महिना बदलला, आर्थिक वर्षसुद्धा बदललं! म्हणून आधी साडेपाच तास मिळवायचे, मग गट करायचे. क्रम उलटा चालत नाही.

आता खरा प्रश्न: डबा कुठला?

इथवर बरोबर गट कसे करायचे ते झालं. पण आपला धंदा 'जून', 'जुलै' असा चालतो का?

आर्थिक वर्षाचंच बघा. ते १ एप्रिलला सुरू होतं. जुन्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला बदलायच्या, कॅलेंडरचं वर्ष जानेवारीत बदलतं. तीन वेगळी वर्षं झाली. आर्थिक वर्षाची खूण काढायची सोपी युक्ती: 'ईडेट' फॉर्म्युलाने तारीख तीन महिने मागे न्या आणि तिचं 'इयर' घ्या. १५ फेब्रुवारी २०२५ तीन महिने मागे गेली की नोव्हेंबर २०२४, म्हणजे खूण २०२४, म्हणजेच आर्थिक वर्ष २०२४-२५.

मग कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, साबणाची वडी अशा वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. त्या वर्षीचा सप्टेंबर एका डब्यात टाकला तर २१ तारखेपर्यंतची जुन्या किमतीची आणि २२ पासूनची नव्या किमतीची विक्री मिसळते. त्या महिन्याचे दोन डबे करावेच लागतात.

मग आठवडे बाजार. समजा तुमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. जून २०२४ मध्ये सोमवार चार होते, जुलै २०२४ मध्ये पाच. समजायला सोपे आकडे घेऊ: प्रत्येक बाजाराला ८ हजारांचा धंदा. जूनमध्ये ३२ हजार, जुलैमध्ये ४० हजार. धंदा वाढला? एक रुपयाही नाही. फक्त एक सोमवार वाढला. बाजारावर चालणाऱ्या धंद्यात महिन्याची बेरीज बघू नका, एका बाजाराची सरासरी बघा.

आणि सगळ्यात मोठा घोळ सणांचा. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले. आता २०२२ चा ऑक्टोबर आणि २०२३ चा ऑक्टोबर शेजारी ठेवा. वाटेल की धंदा बसला. बसला नाही, दिवाळी नोव्हेंबरात गेली.

आपल्या भागात होळीचंही तसंच. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीच्या आणि बांधकामाच्या कामाला भिवंडी-वसईकडे जातात, काउंटरवर शांतता होते. होळीला माणसं घरी येतात, हातात पैसा असतो, खरेदी होते. होळी २०२३ मध्ये ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला, २०२५ मध्ये १३ मार्चला. तिन्ही वर्षी मार्चच, म्हणून महिन्याच्या हिशोबात फरक दिसत नाही. पण माल कधी आणायचा, पहिल्या आठवड्यात की तिसऱ्या, हे त्या हिशोबातून कळणारच नाही.

उपाय: आपलं स्वतःचं कॅलेंडर शीटमध्ये

आपल्या घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतं. १९७३ पासून निघतं. आपल्या आया-आज्या त्याच्या चौकटीत दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कोण पाहुणे येणार, सगळं लिहितात. एक चौकट म्हणजे एक दिवस, आणि त्या दिवसाबद्दल जे माहीत आहे ते त्याच चौकटीत. हेच शीटमध्ये करायचं.

नवीन टॅब घ्या, नाव द्या 'दिनदर्शिका'. एका ओळीत एक दिवस, वर्षाच्या ३६५ ओळी. कॉलम असे: तारीख, वार, वर्ष-महिना, आर्थिक वर्ष, बाजार आहे का, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा: हंगाम. हंगामात तुमच्या धंद्याचे डबे लिहा. माझे असे आहेत: 'होळीआधीचे १० दिवस', 'पावसाची तयारी', 'भर पाऊस', 'गणपती', 'दिवाळीआधीचे १५ दिवस', 'माणसं बाहेरगावी'. सणांच्या तारखा दर वर्षी कालनिर्णय बघून एकदाच भरायच्या. तासाभराचं काम आहे.

मग विक्रीच्या शीटमध्ये 'व्हीलूकअप'ने तारखेवरून हंगाम आणायचा, आणि गट हंगामावर करायचा. आता दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, दिवाळीची तुलना दिवाळीशीच होते. डेटाबेसवाल्याला सांगायचं तर म्हणा, "कॅलेंडर टेबल कर आणि विक्रीला जॉईन कर." त्याला लगेच कळेल.

याचा आणखी एक फायदा. ज्या दिवशी विक्रीच झाली नाही त्या दिवसाची ओळ 'ग्रुप बाय' बनवत नाही, कारण त्याला ती दिसतच नाही. मग सरासरी फुगते. दिनदर्शिकेतून सुरुवात केली की रिकामा दिवसही शून्य म्हणून दिसतो. आणि दुकानदाराला रिकामे दिवस दिसलेच पाहिजेत.

पुढच्या वर्षी काय झालं?

२०२५ ला मी तारखा दुरुस्त करून पंधरवड्याप्रमाणे गट केले. ताडपत्रीचा खांब मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात उभा राहिला आणि जूनच्या पहिल्यात सगळ्यात उंच. वडिलांनी जे तोंडी सांगितलं होतं तेच! म्हणून एप्रिलमध्येच माल भरला. त्या वर्षी पाऊस लवकर आला, २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचला होता. माल हाताशी होता म्हणून लोकांना देता आला. तरी मोठ्या मापाची ताडपत्री कमी पडलीच, कारण मी तारखेचे गट केले होते, मापाचे केले नव्हते. ते यंदा करतोय. आणि जुन्या तारखा कितीही नीट लावल्या तरी पुढचा पाऊस कधी येईल हे त्या सांगत नाहीत. माल थोडा आधी भरायचा, एवढंच त्यातून कळतं.

जाता जाता: एक तपासणी, जी मी केली नव्हती

सगळ्या डब्यांची बेरीज करा. ती मूळ कॉलमच्या बेरजेएवढी आली पाहिजे. रुपयाला रुपया. माझ्या पहिल्या चार्टमध्ये २२१ दिवस गायब होते. ही एक बेरीज केली असती तर दोन मिनिटांत उघडं पडलं असतं. एरर झाकायच्या आधी ती का आली हे विचारा. आणि शीटचं उत्तर घरातल्या जुन्या माणसाच्या अनुभवापेक्षा अगदीच वेगळं आलं, तर त्यांना चुकीचं ठरवायच्या आधी एकदा तारखा तपासा.

आजचा गृहपाठ तीन गोष्टींचा. शीटची 'लोकॅल' सेटिंग बघा. वहीतल्या पाच नोंदी शीटशी ताडून बघा. आणि 'दिनदर्शिका' टॅब उघडून पुढच्या तीन महिन्यांचे बाजार आणि सण भरा. पुढच्या व्हिडिओत याच दिनदर्शिकेवर उधारीच्या वसुलीच्या तारखा बसवू. तोवर तुमची शीट तयार ठेवा.